मॉरिशसचं डेप्युटेशन कसं आहे? तीन वर्षं राहून आलेल्याचा अभिप्राय

माझा भाचा नौदलात आहे, विशाखापट्टणमला. मागच्या महिन्यात सुट्टीवर नागपूरला आला होता. रविवारी सकाळी तर्री-पोहे खाताखाता त्याने विचारलं, "मामाजी, मॉरिशसच्या डेप्युटेशनसाठी नावं मागून राहिले. देऊ का नको?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. प्लेट रिकामी झाली, चहा झाला, तरी आमचं बोलणं संपेना. शेजारचे काका सोबत होते, त्यांनी तर "डेप्युटेशन म्हणजे नेमकं काय रे बाप्पा?" इथूनच सुरुवात केली. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या आपल्या गावात हा प्रश्न रास्तच आहे. त्या दिवशी जे तुटक तुटक बोललो, ते इथे नीट लिहून काढतो. विदर्भातून बरीच पोट्टी नौदलात जातात, त्यांच्या घरच्यांनाही उपयोग होईल.

मी नौदलात ईआरए, म्हणजे इंजिनरूमचा माणूस होतो. 2023 साली मास्टर चीफ, म्हणजे सेलरमधल्या वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालो. 2018 ते 2021 ही तीन वर्षं मॉरिशसला काढली, बायको आणि मुलगी सोबत होत्या.

आधी काकांच्या प्रश्नाचं उत्तर. मॉरिशसला स्वतःचं लष्कर नाही. पोलीस दलाचाच एक भाग म्हणून 1987 साली तिथे नॅशनल कोस्ट गार्ड उभं राहिलं. त्यात आपल्या नौदलातले अधिकारी, वैमानिक, तंत्रज्ञ आणि सेलर काही वर्षांसाठी जाऊन काम करतात. त्या कोस्ट गार्डचा कमांडंटसुद्धा आपल्या नौदलातून गेलेला अधिकारी असतो. नाव बदलत नाही, नोकरी आपलीच राहते, पण रोजचं काम त्यांच्या बोटीवर, त्यांच्या माणसांसोबत आणि त्यांच्या समुद्रासाठी. एका शाळेचा मास्तर दुसऱ्या शाळेला उसना द्यावा तसं. आणि हे आजचं नाही. 1974 साली भारताने आयएनएस अमर ही गस्तनौका मॉरिशसला दिली, तेव्हापासूनची ही जानपहचान आहे.

एवढ्याशा देशाला इतकी मदत कशाला लागते, असं इथे बरेच जण विचारतात. मॉरिशसची जमीन साधारण 2,040 चौरस किलोमीटर. आपल्या एकट्या नागपूर जिल्ह्यात तो देश चारदा मावेल. लोकसंख्या नागपूर शहराच्या निम्मी. पण त्यांच्या हक्काचा समुद्र जवळपास 23 लाख चौरस किलोमीटर आहे. सात महाराष्ट्र एकाला एक जोडले तरी तेवढं पाणी झाकलं जाणार नाही. रॉड्रिग्ज बेट पूर्वेला सहाशे किलोमीटरवर, अगालेगा उत्तरेला हजार-अकराशे किलोमीटरवर. माझ्या वेळी अगालेगाला बोटीने जायचं तर दोन दिवस सहज मोडायचे. आता तिथे धावपट्टी आणि जेट्टी झाली आहे, 29 फेब्रुवारी 2024 ला उद्घाटन झालं. मासे चोरणारे, अमली पदार्थ आणणारे, इंजिन बंद पडून वाहत गेलेले मच्छीमार, हे सगळं बारा-तेरा लाख लोकांच्या देशाने एवढ्या पाण्यावर एकट्याने कसं सांभाळायचं?

मी या सेवेला पाचपैकी चार तारे देतो. ते कसे, हे सांगायला इंजिनरूममध्ये उतरावं लागेल.

पहिले तीन महिने मी फार खूश होतो. आमच्याकडे एक गस्तनौका होती, तिचा एक जनरेटर समुद्रात गेला की तापायचा. "ली पा पे मार्से" हे मी शिकलेलं क्रिओल भाषेतलं पहिलं वाक्य. अर्थ, चालत नाही. मी जायचो, हात घालायचो, पाणी गाळणाऱ्या स्ट्रेनरमध्ये अडकलेलं शेवाळ काढायचो, पंपातला पाणी ढकलणारा इम्पेलर बदलायचो, हवा काढायचो, जनरेटर सुरू. पोरं टाळ्या वाजवायची. वरचे शाबासकी द्यायचे. पुढच्या फेरीला पुन्हा तेच.

माझे बाबा एम्प्रेस मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडली तेव्हा मी लहान होतो, पण त्यांची एक सवय मला पक्की आठवते. घरी सायकलची चेन निखळली की पाना माझ्या हातात द्यायचे आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे धरून उभे राहायचे. मी चुकलो, बोट चेमटलं, चेन पुन्हा निखळली, तरी हात पुढे यायचे नाहीत. एकदा फोनवर त्यांना जनरेटरची गोष्ट कौतुकाने सांगितली. ते म्हणाले, "तू काऊन करून राहिला ते? त्यांची मशीन हाय ना?"

त्या वाक्याने माझं काम बदललं. दुसऱ्या दिवसापासून मी हात मागे बांधले. अवघड जातं हे. समोर मशीन तापते आहे, सुई वर चढते आहे, आपल्याला कारण माहीत आहे, आणि तरी गप्प उभं राहायचं. त्यांच्यात एक तरुण मेकॅनिक होता, बोटीच्या नाकापासून शेपटीपर्यंत सगळीकडे फिरणारा, पण मॅन्युअल पाहिलं की मागे सरकणारा. मॅन्युअल इंग्रजीत. त्याला इंग्रजी वाचता यायचं, शाळेत शिकलेला होता, पण डोकं क्रिओलमध्ये चालायचं. मग आम्ही दोघांनी मिळून एक वही केली. डावीकडे मशीन कसा आवाज करते, कुठे गरम लागते, धूर कोणत्या रंगाचा, हे त्याच्या भाषेत. उजवीकडे काय तपासायचं, कोणत्या क्रमाने. चित्रं त्याने काढली. सहा महिन्यांत त्या वहीला तेलाचे इतके डाग पडले की पहिली काही पानं दुसऱ्यांदा उतरवून घ्यावी लागली. या तीन वर्षांत मी जे जे केलं, त्यात ही वही मला सगळ्यात मोलाची वाटते.

एका गस्तीला मी मुद्दाम किनाऱ्यावर राहिलो. बोट पोर्ट लुईमधून सुटली तेव्हा धक्क्यावर उभं राहून मी आतल्या आत पंपाचे फेरे मोजत होतो. पाच दिवसांनी बोट परत आली. जनरेटर तापला होता, रात्री दोन वाजता, लाटा चांगल्या उसळलेल्या. त्या मेकॅनिकने अर्ध्या तासात दुरुस्त केला आणि लॉगबुकमध्ये एकच ओळ लिहिली. मला त्याने सांगितलंही नाही, मी ती ओळ नंतर वाचली. बायकोला मी त्या संध्याकाळी दालपुरी आणून दिली, आनंदाने.

दालपुरीचा विषय निघाला तर खाण्याचं सांगून टाकतो. तिथली दालपुरी म्हणजे गुळाशिवायची पुरणपोळीच समजा, आत भरडलेली चणाडाळ, वरून टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीची चटणी. रस्त्यावर कागदात गुंडाळून मिळते. चणाडाळीचे छोटे वडे मिळतात, त्यांना गातो-पिमा म्हणतात, आपल्या नागपूरच्या डाळवड्याचा सख्खा भाऊ. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. सावजीची तहान मात्र भागत नाही, त्यासाठी भिवापुरी मिरचीचं तिखट इथूनच न्यावं. प्रेशर कुकरच्या रिंगा आणि शिट्टीही न्याव्यात. तिथला एक रुपया तेव्हा आपल्या जवळपास दोन रुपयांइतका होता, त्यामुळे पहिले काही आठवडे प्रत्येक वस्तूची किंमत मनात दुप्पट होत राहते. वादळाचे इशारे पहिल्या वर्गापासून चौथ्या वर्गापर्यंत असतात. तिसरा लागला की घराबाहेर पडायचं नाही, हे मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवा.

आणि मराठी. आम्ही गेलो त्या वर्षी गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी होती, देशभर. माझ्या मुलीला हे खरंच वाटेना. कोकणातून ऊस तोडायला बोटींमधून नेलेल्या मजुरांचे हे पणतू. बऱ्याच जणांना मराठी नीट बोलता येत नाही, पण आरती पाठ. बायकोने वऱ्हाडी पद्धतीने मोदक केले, म्हणजे तळणीचे, तर शेजारच्या आजीबाईंनी हातात घेऊन क्रिओलमध्ये खूप काही विचारलं आणि शेवटी एक शब्द मराठीत म्हणाल्या, "गोड." पोर्ट लुईच्या बंदरालगत आप्रवासी घाट आहे, 1834 पासून मजूर जिथे उतरले ती जागा. तिथल्या दगडी पायऱ्यांवर मी कामाच्या दिवसांतही जेवणाच्या सुट्टीत जाऊन बसायचो. तेव्हाही आपली माणसं समुद्रापार पाठवली गेली होती, करारावर, कुणी विचारलंही नव्हतं. मी माझ्या मर्जीने, वर्दीत, बायकापोरांसह आलो होतो. हा फरक मला त्या पायऱ्यांवर बसून रोज कळायचा आणि कामाला बळ यायचं.

आता अवघड भाग. भाच्याला मी हाही सांगितला.

मार्च 2020 मध्ये मॉरिशसने सीमा बंद केल्या. मे महिन्यात बाबा गेले. विमान नव्हतं. मोक्षधामवर भावाने अग्नी दिला आणि मी मोबाइलच्या पडद्यावर पाहिलं, तेही मध्येमध्ये अडकत. हा दोष कुणाचाच नाही, तेव्हा अर्ध्या जगाचं असंच झालं. पण डेप्युटेशनला नाव देताना माणसाने हे धरून चालावं की घरी काही झालं तर जहाजावरच्या नोकरीपेक्षाही हे अंतर मोठं ठरू शकतं. म्हातारे आईवडील घरी असतील तर भावंडांशी आधी स्पष्ट बोलून घ्या. कोण काय करेल, पैसे कुठून येतील, सही कोणाची चालेल. आम्ही बोललो नव्हतो.

दोन महिन्यांनी, 25 जुलैला, वाकाशिओ हे मोठं मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्याजवळच्या प्रवाळावर चढलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याचं तेल सुटायला लागलं. हजारेक टन काळं तेल, आणि समोर जगातलं सगळ्यात स्वच्छ म्हणावं असं निळं खाजण. लोकांनी उसाचं पाचट कापडात शिवून लांबलांब गुंडाळे केले आणि पाण्यात सोडले. बायका, पोरं, शाळामास्तर, सगळे. मी कार्यशाळेत होतो. बोटी परत यायच्या त्यांच्या पाणी ओढण्याच्या वाटा तेलाने बुजलेल्या असायच्या, मोटारी जळायच्या बेतात. रात्रंदिवस तेच साफ करायचं. ऑगस्टच्या मध्यात आपल्या तटरक्षक दलाचे दहा जण वायुसेनेच्या विमानाने आले, सोबत तीस टनांहून जास्त सामान. तेल कसं अडवायचं, कसं उपसायचं, यात ती माणसं तरबेज होती. पण त्यांना तिथल्या किनाऱ्याची भरती-ओहोटी, कोणत्या खाडीत बोट टेकते, आणि कोणत्या म्हाताऱ्या मच्छीमाराला विचारलं की खरं कळतं, हे ठाऊक नव्हतं. ते आम्हाला ठाऊक होतं, कारण आम्ही तिथे राहत होतो. थोड्या दिवसांसाठी आलेला तज्ज्ञ आणि तीन वर्षं राहिलेला माणूस, दोघं मिळून काम पुढे सरकलं. या सेवेचा खरा उपयोग मला त्या काळ्या किनाऱ्यावर दिसला.

मग तारा का कापला?

एकदा तिथल्या एका निवृत्त पोलिसाने मला सरळ विचारलं, आमच्या कोस्ट गार्डचा प्रमुख तुमचा माणूस का? प्रश्नात राग नव्हता, पण बोच होती आणि ती खरी होती. मी त्यांना आपलं उदाहरण सांगितलं. स्वातंत्र्यानंतरही आपल्या नौदलाचे प्रमुख ब्रिटिश नौदलातून उसने घेतलेलेच होते. पॅरी, पिझी, मग कार्लिल. 22 एप्रिल 1958 ला व्हाइस ॲडमिरल रामदास कटारी आले, तेव्हा पहिल्यांदा भारतीय माणूस त्या खुर्चीत बसला. गंमत बघा, ॲडमिरल पॅरींनी 1939 साली ज्या अकिलीस युद्धनौकेवरून लढाई केली होती, तीच पुढे आपली आयएनएस दिल्ली झाली. म्हणजे जहाजही उसनं-जुनं आणि सेनापतीही. आपल्यालाही ती अकरा वर्षं लागली. पण ती संपली. ते गृहस्थ ऐकून म्हणाले, "मग आमची कधी संपतील?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझा कापलेला तारा तो आहे.

मालदीवचं बघा. तिथे आपण दोन ध्रुव हेलिकॉप्टरं आणि एक डॉर्नियर विमान दिलं, सोबत चालवणारी माणसं. पाचशेहून जास्त रुग्णांना त्यांनी बेटांवरून दवाखान्यात पोचवलं. हे पुण्याचं काम आहे, त्यावर कुणी बोट ठेवू नये. मग तिथलं सरकार बदललं, परदेशी सैनिक नकोत अशी भूमिका घेऊन आलं, आणि 10 मे 2024 च्या आत आपले सगळे सैनिक परतले. त्यांच्या जागी बिगरलष्करी तंत्रज्ञ गेले. त्यानंतर तिथल्या संरक्षणमंत्र्यांनीच जाहीर सांगितलं की ही विमानं चालवता येतील असे वैमानिक त्यांच्या सैन्यात तयार नाहीत, प्रशिक्षण सुरू झालं होतं, पण पुरं झालं नाही. हे वाचलं त्या रात्री मला माझ्या वहीची आठवण झाली. ते पुरं का झालं नाही, त्यात दोन्ही बाजूंची कारणं असतील. पण एवढी वर्षं माणसं उसनी दिली आणि शेवटी पाना त्यांच्या हातात गेलाच नाही, तर देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनी बसून हिशेब करायला हवा.

म्हणूनच एप्रिल 2025 मध्ये कारवारहून आयएनएस सुनयना निघाली, तिची बातमी मला फार आवडली. मॉरिशस, सेशेल्स, मालदीव, श्रीलंका, केनिया, टांझानिया अशा नऊ देशांचे 44 नौसैनिक आपल्या जहाजावर, आपल्या पोरांसोबत वॉच, म्हणजे जहाजावरची पाळी, करत होते. आपली माणसं तिकडे जातात तशी त्यांची इकडे यायला हवीत. शिकणारा इकडे आला की तो आपला पाहुणा असतो, त्याला बोच नसते. डेप्युटेशनच्या जोडीला हे वाढलं तर कापलेला तारा मी स्वतःहून परत जोडेन.

काही व्यवहाराच्या गोष्टी. मुलं लहान असतील तर जरूर जा, तिकडे फ्रेंच शिकतात आणि भीड चेपते. दहावीच्या आसपास असतील तर दहादा विचार करा. परतल्यावर इथल्या एका शाळेने माझ्या मुलीचा तिकडचा दाखला समजून घ्यायलाच नकार दिला, तीन आठवडे आम्ही हेलपाटे घातले, शेवटी दुसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी कागद न बघता मुलीशी बोलून प्रवेश दिला. त्यामुळे दाखला आणि गुणपत्रक तिथून निघण्याआधीच साक्षांकित करून घ्या, इंग्रजी प्रतीसह. बायकोला तिकडे नोकरी मिळेल असं धरू नका. बायकोला घरात कोंडल्यासारखं वाटेल तो दुसरा-तिसरा महिना, तेव्हा तुम्ही गस्तीवर असाल; त्यामुळे जाण्याआधीच आपल्याकडच्या इतर कुटुंबांचे नंबर तिच्याकडे असू द्या. क्रिओल निघायच्या आधीपासून शिका. मी बोटीवर शिकलो, सहा महिने वाया गेले. "कोरेक" एवढा एक शब्द आला तरी दारं उघडतात, त्याचा अर्थ ठीक आहे.

आणि तीन वर्षं कमी पडतात. पहिलं वर्ष ओळखीत जातं, दुसऱ्यात काम जमतं, तिसऱ्यात आपण उपयोगाचे होतो आणि सामान बांधायची वेळ येते. म्हणून वही पहिल्या महिन्यातच सुरू करा.

तो मेकॅनिक 2022 पर्यंत मला दर पंधरा दिवसांनी व्हॉट्सॲपवर मशीनचे आवाज पाठवायचा. रेकॉर्डिंग लावून मी नागपुरात नंदनवन भागातल्या माझ्या घरात, खिडकी बंद करून, कान देऊन ऐकायचो. मग महिन्यातून एक, मग तीन महिन्यांतून एक. आता पाठवत नाही. दिवाळीला मात्र फोटो येतो. मागच्या दिवाळीच्या फोटोत त्याच्या शेजारी एक अगदी कोवळा पोरगा उभा आहे, दोघांचे हात काळे, आणि वही त्या पोराच्या हातात आहे.

भाच्याने नाव दिलं आहे. परवा माझ्या बायकोने त्याच्यासाठी भिवापुरी तिखटाची दोन किलोची पिशवी भरून ठेवली. मी बाबांचा जुना बारा नंबरचा पाना त्याच्या बॅगेत टाकणार होतो, पण त्याने तो मला परत दिला. "मामाजी, तिकडं मला तर हात मागेच ठेवायचे हायत ना," म्हणाला.